ऐकलंत का, काकूंची धाकटी पुण्याला कशाला गेली होती?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाजवळ या. कपडे राहू देत वाळत, नंतर काढा. तीन नंबरच्या काकूंची धाकटी पुण्याला गेली होती ना, ती कशाला गेली होती ते कळलं का तुम्हाला? नाहीच कळलं ना? मला वाटलंच. कोपऱ्यावरच्या मावशींनी तर अख्ख्या लाइनीत सांगून टाकलं की वधूवर मेळावा होता म्हणून! काकू बिचाऱ्या एवढंच बोलल्या होत्या की "मेळाव्याला गेलीय." पुढचं सगळं मावशींच्या पदरचं. वर मला म्हणतात कशा, "जमलं वाटतं, दोन दिवस राहिली." आता त्यांना कोण सांगणार, तिथे मुलगे होते, नव्हते असं नाही, पण एकूणएक आपापल्या लॅपटॉपमध्ये तोंड खुपसून!

कॉम्प्युटरचा मेळावा होता हो तो. म्हणजे कॉम्प्युटर एकच, मोठ्ठा, आणि तो वापरणारी माणसं देशभर पसरलेली. एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लांबूनच लॉगिन करायचं, काम लावून द्यायचं, आणि आपली पाळी येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसायचं. त्या सगळ्यांना एक दिवस एका हॉलमध्ये बसवलं. 'युझर कम्युनिटी डे' म्हणे. कुठली संस्था, कुठला कॉम्प्युटर, ते मात्र नाही हं सांगणार, काकूंनी शपथ घातलीय. पुण्यात, एवढं पुरे.

आणि पुण्यात काय असलं मशिन एक का आहे? आपल्याला आपलं वाटतं, पुणं म्हणजे पेन्शनर. अहो, २००७ साली टाटांच्या लोकांनी तिथे 'एका' नावाचा सुपरकॉम्प्युटर केला होता, तो जगाच्या यादीत चौथा आला होता, चौथा! पाषाणला हवामानवाल्यांचा 'प्रत्युष', आणि आता त्याच्या जोडीला 'अर्का'. तिकडे नारायणगावच्या बाजूला खोडदला त्या दुर्बिणींपाशी 'परम रुद्र'. आणि एआयसाठीच म्हणून सीडॅकचे दोन. 'परम सिद्धी' २०२० साली यादीत त्रेसष्टावा आला, आणि 'ऐरावत' २०२३ साली पंचाहत्तरावा. सिद्धीत म्हणे ४२ पेट्या आहेत, आणि एकेका पेटीत आठ-आठ जीपीयू. म्हणजे तीनशे छत्तीस झाले. मीच केला हिशोब, काकूंना आठाचा पाढा आठवेना.

जीपीयू म्हणजे काय ते मला नका विचारू. मूळचं व्हिडिओ गेमची चित्रं हलवायला केलेलं कार्ड, तेच आता एआयला लागतं, हजारो छोट्या बेरजा-गुणाकार एकाच वेळी करतं म्हणून. आणि एकेक कार्ड लाखांच्या घरात! कोण घेणार प्रत्येक कॉलेजात? म्हणून मग सगळ्यांत मिळून एक.

तर काय सांगत होते… हां, हे सगळं मला कळलं ते हळदीकुंकवाला. तुम्ही त्या दिवशी पालघरला गेला होतात ना, म्हणून चुकलं तुमचं. काय रंगलं होतं म्हणून सांगू! चार नंबरच्या वहिनींकडे होतं. वाण म्हणून स्टीलची गाळणी दिली, ती गळते ते जाऊ दे. तर काकू आल्या, साखरफुटाण्याची पुडी हातात घेतली, आणि हळूच विषय काढला की आमच्या धाकटीला पुण्याला बोलावलंय, मोठ्या कॉम्प्युटरवर काम करते म्हणून. झालं! चार नंबरच्या वहिनी लगेच सरसावल्या. त्यांचा भाचा ब्रिस्टलला असतो ना. तो तिथे गेल्यापासून वहिनींना बोईसरचं काही पसंतच पडत नाही, पाऊससुद्धा तिथलाच चांगला.

म्हणाल्या, "अगं बाई, हो का? आमच्या भाच्याच्या गावात आहे ना तो 'इझमबार्ड-एआय', त्यात पाच हजार चारशे अठ्ठेचाळीस चिप आहेत. २०२५च्या जूनमध्ये जगात अकरावा आला. तिकडे सगळ्या युनिव्हर्सिट्या मिळून वापरतात." पाच हजार चारशे अठ्ठेचाळीस, असं एकेक अक्षर सुटं करून! तीनशे छत्तिसाचं नावच नको तिथे. काकूंचा चेहरा असा उतरला… साखरफुटाण्याची पुडी उघडली आणि परत मिटली. मला इतकं वाईट वाटलं, म्हटलं आता विषय बदलावा, लोणच्याचं काढावं काहीतरी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. वहिनींचे सासरे! बायकांच्या हळदीकुंकवाला पुरुषांनी बाहेर यायचं नाही म्हणून त्यांना पेपर देऊन आत बसवलं होतं. टॅप्समधून, म्हणजे आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातून, रिटायर झालेला माणूस, किती वेळ गप्प बसणार? पडद्याआडूनच म्हणाले, "सूनबाई, तुझ्या त्या ब्रिस्टललाच इनमॉस नावाची कंपनी होती. तिची ट्रान्सप्युटर म्हणून चिप होती. आपल्या पुण्यात १९९१ साली सीडॅकच्या भटकरांनी 'परम ८०००' उभा केला ना, तो त्याच चिपांवर."

वहिनींना वाटलं, सासरे आपल्याच बाजूनं बोलतायत. लगेच म्हणाल्या, "बघा! म्हणजे तेव्हाही ब्रिस्टलचंच." तर हे आतून म्हणतात, "ती कंपनी ८९ सालीच दुसऱ्यांना विकली गेली. चिप करणारे राहिले बाजूला, आणि त्यांच्याच चिपा एकाला एक जोडून सुपरकॉम्प्युटर केला आपल्या लोकांनी. अमेरिका क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ करत होती, तेव्हा. आणि तिकडे ट्रॉम्ब्याला आमच्या बीएआरसीच्या पोरांनी त्याच सुमाराला 'अनुपम' केला, तो वेगळाच."

काय शांतता पसरली हो! वहिनी हातातली कुंकवाची कोयरी तशीच धरून उभ्या. पुढची बाई कपाळ पुढे करून बसलीय, कुंकू लावतंय कोण? आणि काकू… अहो, पुडी उघडून चक्क फुटाणे खायला लागल्या.

वहिनींचे सासरे, म्हणजे आपले काका, मुरलेले आहेत हं. त्या भटकरांचं त्यांना फार कौतुक. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचा माणूस, असं ते दर वेळी सांगतात, जणू काही ह्यांचेच मावसभाऊ. सीडॅक १९८८ला निघालं आणि तीन वर्षांत परम उभा. आता कुठल्याही कामाला तीन वर्षांत काय होतं? आपल्या स्टेशनचा पूल आठवा.

तर काय सांगत होते… मेळावा! धाकटी निघाली पहाटेच्या विरार शटलनं. तिथून दादर, आणि दादरहून शिवनेरी. बरोबर काय नेलं असेल? घोलवडच्या चिकूची पेटी. काकूंनीच बळेबळे दिली, कारण सीझन होता, आणि "रिकाम्या हातानं कसं जायचं" हा आपल्याकडचा नियम. ती म्हणत होती, "आई, सायंटिस्टना कोण चिकू देतं?" पण त्या चिकूंनीच पुढे काय काम केलं ते ऐका. थांबा, ते नंतर.

सकाळी भाषणं झाली. कोणी औषधाचे रेणू शोधतंय, कोणी ढगांचं करतंय, कोणी एक्स-रे वाचायला शिकवतंय. हिला दहा मिनिटं मिळाली होती. ही काय करते ठाऊक आहे ना? वारली बोलीचं करते. म्हणजे तलासरी, डहाणू, विक्रमगडकडच्या बायका जशा बोलतात, ते ऐकून कॉम्प्युटरनं जसंच्या तसं लिहून काढायचं. आपल्याला वाटतं, त्यात काय मोठंसं, फोनला मराठी कळतं की. पण फोनला कळतं ते पुस्तकातलं. सरकारच्या त्या 'भाषिणी' नावाच्या भाषांतराच्या सोयीतसुद्धा घटनेच्या यादीतल्या बावीस भाषा आहेत, त्या बाविसांत वारली नाही. आणि ती बोली लिहिलेली फारशी सापडतच नाही, मग मशिन शिकणार कशावरून? म्हणून ही पोरगी पाड्यापाड्यावर जाऊन म्हाताऱ्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, बोलणं टेप करून आणते. त्यांच्या वेळेचे पैसेही देते, त्यावरून घरात वाजलंही होतं एकदा. काकू म्हणाल्या, "गप्पा मारायचे पैसे? मग मला का नाही?"

मला विचाराल तर पोरगी बरोबर करतेय. वारली चित्रं बघा, कपावर आहेत, साडीवर आहेत, मुंबईच्या हॉटेलांच्या भिंतीवर आहेत. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान. पण ते लोक बोलतात काय, ते ऐकायला कोणाला सवड आहे? दवाखान्यात म्हातारी काय सांगतेय ते डॉक्टरला कळत नाही आणि नात शाळा बुडवून मधे उभी राहते सांगायला. हे तिनं त्या दहा मिनिटांत सांगितलं म्हणे, आणि मग तिच्याकडच्या एका आजीचा आवाज लावला. कोंबडी हरवल्याची तक्रार करतेय ती आजी. सगळा हॉल हसला, पण चांगलं हसला हं, टिंगल नाही.

मग… हां, आता खरी गंमत. अजून थोड्या जवळ या.

चहाच्या आधी एक मोठे प्रोफेसर उठले. मुंबईचे की दिल्लीचे ते नाही सांगणार. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं उभं राहूनच ऐकावं. म्हणाले, "आमच्या ग्रुपला तास पुरत नाहीत. आमचं संशोधन अडलंय. लहान लहान प्रोजेक्टना वाटत बसण्यापेक्षा जे सीरियस काम करतायत त्यांना कोटा वाढवून द्या." लहान लहान म्हणताना नजर कुठे होती म्हणता? आपल्या धाकटीकडे! कोंबडीवाल्या आजीकडे!

आता ते मशिन चालवणारे जे लोक असतात ना, सिस्टिमवाले, ते बिचारे मागे उभे असतात. त्यांच्यातली एक बाई पुढे आली. पस्तिशीची, साधी कॉटनची ओढणी, चेहऱ्यावर काही नाही. म्हणाली, "सर, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपण वर्षभराचा वापर बघू या." आणि स्लाइड लावली. नावं नव्हती हं, नुसते प्रोजेक्ट नंबर. प्रत्येकासमोर दोन रेघा. एक, किती जीपीयू अडवून ठेवले. दुसरी, त्यातले खरोखर किती चालत होते.

एका नंबराची पहिली रेघ स्लाइडच्या टोकापर्यंत, आणि दुसरी? एवढीशी! म्हणजे दर वेळी आख्खी पेटी घेतली, आठ जीपीयू, आणि काम चाललंय एकावर. बाकीचे सात नुसते गरम होत बसलेत. इथे आपल्या रांगेत कळशी ठेवून बाई चहाला जाते ना, आणि आली की म्हणते 'माझाच नंबर', तसलं हे. हॉलमध्ये कोणी बोललं नाही. पण बोलायला कशाला हवं? प्रोफेसरांच्या शेजारी त्यांचा पीएचडीचा मुलगा बसला होता, तो स्वतःच्या चपलेकडे बघायला लागला. तिथेच सगळ्यांना नंबर कुणाचा ते कळलं.

प्रोफेसरांचा चेहरा म्हणे आधी लाल, मग पांढरा, आणि मग ते फोन बघायला लागले. फोन बंद होता! धाकटी पलीकडच्या रांगेतून बघत होती, तिनं मला स्वतः सांगितलं, काळा स्क्रीन होता.

नंतर कळलं की त्या पोराचाही पूर्ण दोष नाही. त्यानं प्रोग्रॅम लिहिला तो एकाच जीपीयूसाठी, आणि मागताना आठ मागितले, कारण आधीच्या सीनियरनं तसंच मागितलं होतं. त्याच्या आधीच्यानंही. पिढ्यानपिढ्या तोच फॉर्म कॉपी! सुनेनं सासूची चूक चालवावी तशी… असो, आपण नको त्यात जायला.

त्या बाईनं मग समजावून सांगितलं, आणि ते मला फार पटलं. पाळ्या लावायला 'स्लर्म' म्हणून एक सॉफ्टवेअर असतं. प्रत्येकानं आपलं काम देताना सांगायचं, मला इतके जीपीयू हवेत आणि इतके तास. आता सगळे भीतीनं काय करतात? दोन तासांचं काम असलं तरी चोवीस तास लिहितात, मधेच तुटायला नको म्हणून. आणि मग कुरकुरतात की पाळी येत नाही. अहो, येईल कशी? स्लर्म काय करतं, मोठं काम उभं राहायला आठ पेट्या रिकाम्या व्हायची वाट बघत असलं, की मधल्या फटीत छोटी कामं सरकवून देतं. पण ज्यानं खरं सांगितलं की मला दोनच तास हवेत, त्यालाच! ज्यानं चोवीस लिहिले त्याला फटीत कसं बसवणार? आणि ज्यानं आधी भरपूर वापरलं त्याचा नंबर आपोआप मागे, ज्यानं कमी वापरलं त्याचा पुढे. एवढा न्याय आपल्या सोसायटीच्या कमिटीला तरी येतो का?

आपली धाकटी पण त्यातलीच निघाली हं. एका जीपीयूचं, तीन तासांचं काम, आणि लिहीत होती पूर्ण दिवस. दोन दोन दिवस 'पेंडिंग' बघून रडकुंडीला यायची. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मदतीच्या टेबलावर गेली, एका मुलानं तिचा फॉर्म बघितला आणि एक आकडा बदलला. बस! त्याच रात्री काम सुरू झालं. इतके महिने कोणी सांगितलंच नाही तिला. अहो, सांगणार कोण? तिच्या डिपार्टमेंटमध्ये असलं मशिन वापरणारी ती एकटी.

आणि नागपूरकडचा एक मुलगा भेटला, त्याची तर कहाणीच. तीन दिवस काम चाललं, संपायला थोडं राहिलं, आणि मागितलेली वेळ संपली. मशिननं काम तोडलं, नियमच तो. आणि ह्यानं मधे मधे सेव्ह केलेलंच नव्हतं! सगळं गेलं. ती बाई म्हणाली, "चेकपॉइंट ठेवत जा रे." तो म्हणाला, "मॅडम, चेकपॉइंट म्हणजे पोलिसांचा वाटला होता मला." हसले सगळे, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवण? जेवण मात्र पोटभर दिलं. पुण्यात असूनही. मीही दोनदा विचारलं.

तर जेवताना… हां, चिकू! प्रोफेसर एका कोपऱ्यात एकटे ताट घेऊन उभे. कोणी जवळ जाईना. धाकटी गेली चिकूची पेटी घेऊन. "सर, घोलवडचे आहेत, जीआय टॅगवाले." त्यांनी एक घेतला, मग दुसरा. म्हणाले, "मी लहानपणी बोर्डीला शाळेत होतो." घ्या! म्हणजे आपल्याच बाजूचे निघाले! मग काय विचारता, बोर्डीची हवा, समुद्र, शाळा… आणि शेवटी हळूच म्हणाले, "तुझ्या त्या आजीची कोंबडी सापडली का?" पोरगी म्हणाली, "सापडली सर, शेजारणीकडे होती." मला आवडलं ते. माणूस वाईट नसतो हो, कोटा वाईट असतो.

दुपारी मात्र जे झालं ते कोणी स्लाइडवर घालणार नाही. एका लहान गावातल्या कॉलेजातली लेक्चरर उठली. तिचं गावही नको सांगायला, आपल्यासारखंच समजा. हातात माइक धरायची सवय नाही, आवाज थरथरतोय. म्हणाली, "तुम्ही म्हणता अर्ज करा, मशिन सगळ्यांचं आहे. अर्जात विचारता की तुमचा कोड किती जीपीयूपर्यंत वाढतो, मेमरी किती लागते, आधी कुठल्या मशिनवर चालवून बघितलाय. मशिन मिळाल्याशिवाय मला ते कळणार कसं? आणि कळल्याशिवाय तुम्ही मशिन देणार नाही." आणि खाली बसली.

टाळ्या नाहीत, काही नाही. वर बसलेल्या साहेबांनी पाणी प्यायलं. मग म्हणाले की "आम्ही ट्रेनिंग घेतो." ती परत उठली, माइक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं, "घेता सर, पण पुण्यात घेता, वर्किंग डेला घेता, आणि मला सुट्टी मिळत नाही." तेव्हा त्या ओढणीवाल्या बाईनं मान वळवून साहेबांकडे असं बघितलं… धाकटी म्हणाली, ती नजर ओळखीची होती. घरी बाबा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतात तेव्हा आई बघते तशी.

मला विचारा, सगळ्या गोष्टीची मेख तिथेच आहे. सरकारनं त्या इंडियाएआय मिशनला २०२४च्या मार्चमध्ये दहा हजार तीनशे बहात्तर कोटी मंजूर केले. हजारो जीपीयू येतायत, तासाला शंभर रुपयांच्या आत देऊ म्हणतात. शंभर रुपये! इथे स्टेशनवरून टॅप्सला स्पेशल रिक्षा करा, त्याहून जास्त मागतो. पैसा आहे, मशिन आहे, जगाच्या यादीत नंबर आहे. पण यादीत नंबर लागतो तो मशिनचा. त्या मदतीच्या टेबलावरच्या पोराचा नंबर कुठे लागतो? एक आकडा बदलून देणारा माणूस तालुक्याला एक जरी असला ना, तरी निम्मी रांग कमी होईल. हे माझं मत हं. काकांना पटलं नाही, ते म्हणतात आधी वीज बघा.

वीज तर त्यांचा आवडता विषय. सिद्धीसारखी एक पेटी पूर्ण भरात चालली की साडेसहा किलोवॅट खाते, म्हणे. बेचाळीस पेट्यांचे झाले पावणेतीनशेच्या आसपास, वर थंड ठेवायचं ते वेगळंच. मग काका सुरू होतात की १९६९ साली आपल्या तारापूरला देशातली पहिली अणुवीज झाली, महाराष्ट्राला आणि गुजरातला इथून गेली. नंतर पाचशे चाळीस मेगावॅटचे दोन संच आले २००५ आणि ०६ साली. आणि मग जरा थांबतात, आणि म्हणतात, "पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांनी घरं दिली त्या दोन संचांना." तिथली माणसं आपल्याकडे अजून येतात-जातात, त्यांना विचारा ना. वीज इथून जाते, मशिन तिकडे बसतं, आणि इथल्या पोरीला पहाटेची शटल. मावशी म्हणाल्या, "मग आणा की एक मशिन बोईसरला!" काका म्हणाले, "एमआयडीसीच्या हवेत?" झालं, मावशी गप्प. त्यांचं तोंड थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

हां, आणि चार नंबरच्या वहिनींचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांनी भाच्याला फोन लावला, ब्रिस्टलला, की आमच्याकडे असं असं झालं, मशिनवाल्यांनी लोकांची उणीदुणी स्लाइडवर लावली. वाटलं, तो म्हणेल, छे, तिकडे असलं नाही. तर तो म्हणाला, "मामी, इथेही तेच. लोक जास्त मागतात, कमी वापरतात, आणि पाळी येत नाही म्हणून ओरडतात." स्पीकरवर होता फोन, काकांनी ऐकलं. आणि काकांनी ऐकलं म्हणजे तासाभरात आपल्या लाइनीत सगळ्यांनी ऐकलं. आता वहिनी ब्रिस्टलचा पाऊस सोडून बाकी काही बोलत नाहीत.

धाकटीचं काम मात्र मार्गी लागलंय. ते प्रोफेसर तिला मेलवर विचारत असतात, डेटा किती झाला, आजी बऱ्या आहेत का. आणि त्यांनी त्या पोराकडून त्याचा प्रोग्रॅम आठ जीपीयूंवर चालेल असा नीट करून घेतला म्हणे. नुसतं म्हणे नाही, त्या ओढणीवाल्या बाईनंच हिला कळवलं. दोघींचं छान जमलंय.

बरं, मुख्य सांगायचं राहिलंच, ज्याच्यासाठी तुम्हाला बोलावलं. तुमच्या पुतणीला ह्या वर्षी एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे ना, एआयचाच? तिला म्हणावं, आधी गाइडला गाठ. असल्या मशिनच्या अर्जावर गाइडची सही लागते, मुलांच्या एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. आणि पहिल्याच फटक्यात आठ जीपीयू मागू नकोस म्हणावं. एक माग, थोडे तास माग, आणि दर तासाला सेव्ह करत जा. अडलं तर आपली धाकटी आहे, रविवारी घरी असते, मी बोलून ठेवलंय. फक्त येताना पुतणीला म्हणावं, मावशींच्या दारावरून नको येऊस, मागच्या गल्लीतून ये. नाहीतर उद्या तिचंही लग्न ठरवून टाकतील.